रेडीमेडवाल्यांनो, कपड्यात थोडी माया सोडा

नमस्कार,

हे पत्र लेडीज रेडीमेड बनवणाऱ्या, होलसेलला विकणाऱ्या आणि दुकानात हँगरला लावणाऱ्या सगळ्यांना आहे. मग तुमचं युनिट उल्हासनगरला असो, गाळा दादरला असो नाहीतर मॉलमधलं एसी शोरूम असो. मी डोंबिवलीत ब्लाउज शिवते, यंदा बावीस वर्षं झाली. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको सगळं करते, पण गेल्या सात-आठ वर्षांत ब्लाउजच्या खालोखाल माझ्याकडे काम कशाचं येत असेल तर तुमच्या कपड्यांचं. तुम्ही शिवलेला कपडा बाई पैसे मोजून विकत घेते, घरी नेते आणि मग माझ्याकडे घेऊन येते की ताई हे जरा माझ्या अंगाला बसेल असं करून द्या ना.

मागच्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एक मॅडम आल्या, शाळेत शिकवतात. पिशवीत पाच कुर्त्या होत्या, दोनवर अजून टॅग. वर्षभरापूर्वी त्यांना थायरॉइड निघालं, गोळ्या चालू झाल्या, अंग वाढलं. सेलमध्ये घेऊन ठेवलेल्या कुर्त्या आता काखेत आणि दंडाला काचतात. फळ्यावर लिहायला हात वर केला की बाही ओढली जाते आणि पाठीमागून कापड ताणतं आणि मागे चाळीस पोरं बसलेली असतात. म्हणाल्या, बाजूने उसवून एक इंच लूज करा, बास. मी कुर्ती उलटी केली. ओव्हरलॉकची शिवण आणि तिच्या पलीकडे काहीच नाही, पाव इंच कापड, तेही सुतं निघालेलं. दुसरी उलटी केली, तीच गत. पाचही तशाच. मी म्हटलं मॅडम, यात मायाच नाहीये, उसवून काय मिळणार? त्या स्टुलावर बसल्या आणि थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या रात्रीचं जेवण बंद करून तीन महिने झाले हो. त्यांच्या हातात कुर्ती होती आणि त्या तिची बाही नुसती दुमडत होत्या, उलगडत होत्या.

ज्यांना शिवणातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ना त्याला आम्ही माया म्हणतो. माया धरली का? माया किती सोडली? हे शब्द मला शिकवणाऱ्या बाई दिवसातून पन्नास वेळा म्हणायच्या. आधी माप घ्यायचं, मग माया धरायची आणि मगच कात्री लावायची. माया न धरता कापलं तर त्या कापड हातातून काढून घ्यायच्या. आजही ब्लाउजला मी दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडते आणि कस्टमरने न सांगता सोडते, कारण ते सांगायची गोष्टच नाही, बाईचं अंग काही लोखंडाचं नसतं.

तुम्ही कधी वीस-पंचवीस वर्षं जुना ब्लाउज उसवून बघितलाय का? मुलीच्या लग्नात स्वतःच्या लग्नातला शालू नेसायचा असतो, तेव्हा बायका तो ब्लाउज घेऊन येतात. आत बघितलं की शिवणींच्या खुणा दिसतात, एका शेजारी एक, तीन नाहीतर चार. सगळ्यात आतली लग्नातली. तिच्या बाहेरची पहिल्या बाळंतपणानंतरची, मग दुसऱ्या. मध्ये कधी आजारपण आलं तर परत आत घेतलेली एक टीप असते. आणि मायेच्या कापडाचा रंग अगदी नवा असतो, बाहेरचा उडालेला आणि आतला पहिल्या दिवसासारखा. बाई उभी राहून सांगत असते ही टीप तेव्हाची, ही तेव्हाची. तो ब्लाउज कोण्या शिंप्याने पंचवीस वर्षांपूर्वी शिवताना ती बाई बदलणार हे धरूनच शिवला होता. तुमच्या कपड्यात हे धरलेलंच नाही. बाई बदलली तर कपडा संपला, आणि कपडा संपला की तिला वाटतं चूक आपलीच.

आणि मला खर्चाचं सांगू नका प्लीज, मी रोज कापड कापते. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी चव्वेचाळीस इंच, कुर्तीची उंची चव्वेचाळीस इंच. पुढच्या-मागच्या भागाला प्रत्येक कडेला अर्धा इंच जादा सोडला तर चार कडा मिळून दोन इंचाची पट्टी झाली, म्हणजे मीटरभर कापडाचा साधारण विसावा भाग. शंभर रुपये मीटरचं कॉटन असेल तर पाच-सहा रुपये. बाहीची माया धरली तरी दहाच्या आत. आता फॅक्टरीत ओव्हरलॉकची मशीन शिवता शिवताच कडेचं कापड पात्याने कापून टाकते हे मला माहीत आहे, स्पीड त्याच्यामुळेच मिळतो. पण आधी कडा ओव्हरलॉक करून मग आतून साधी टीप मारता येते की, आम्ही तेच करतो. एक टीप जास्त पडेल. सातशे-आठशेच्या कुर्तीत बाईला विचारा, वीस रुपये जास्त देशील का, पण दोन वर्षं जास्त घालता येईल. बघा काय म्हणते.

लहान मुलांच्या कपड्यांचं बघा ना. युनिफॉर्म घ्यायला गेलं की आई म्हणते वाढत्या अंगाचा द्या, आणि दुकानदार पण तसाच देतो, खाली तीन इंच दुमड असते, दरवर्षी उसवून खाली सोडायची. युनिफॉर्मवर नंबर पण सरळ असतो, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. लहान, मध्यम, मोठा असं काही नाही. वर्गातल्या सगळ्या पोरांना युनिफॉर्म मिळालाच पाहिजे हे धरलेलं असतं, त्यामुळे बारकुड्यालाही मिळतो आणि गुटगुटीतालाही मिळतो, कुणाला वेगळ्या खोलीत पाठवत नाहीत. मग वाढतं अंग फक्त पोरांचंच असतं का? पंचविशीत बाळंतपण, चाळिशीत थायरॉइड, पन्नाशीत पाळी जाते तेव्हा पोट सुटतं, कुणाला स्टिरॉइडच्या गोळ्या, कुणाची गाठीची ऑपरेशनं. बाईचं अंग आयुष्यभर बदलत असतं आणि तिला कपडा मात्र एका दिवसाच्या मापाचा मिळतो.

आमच्या आजीकडे साईज हा प्रकारच नव्हता. नऊवारीला कसली साईज? लग्नातलं लुगडं तिने सहा बाळंतपणांत नेसलं, सत्तरीत अंगावर मांस राहिलं नाही तेव्हाही तेच नेसलं. वर गाठीची चोळी असायची, पुढे गाठ मारायची, अंग वाढलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट, बाळाला पाजायचं तर गाठ सोडली की झालं. मी काही सगळ्यांनी परत नऊवारी नेसा म्हणत नाहीये, मी स्वतः ड्रेस घालते आणि लोकलमध्ये चढायचं तर तोच बरा. पण कपडा बाईच्या अंगाप्रमाणे हलला पाहिजे ही अक्कल आपल्याकडे होती.

तेव्हा बोलायची भाषा पण वेगळी होती. माझ्या लहानपणी गावाहून कुणी आलं आणि आईला म्हणालं, काय गं तब्येत सुधारली तुझी, तर आई खुश व्हायची. तब्येत सुधारली म्हणजे अंग भरलं. खात्यापित्या घरची वाटते म्हणजे कौतुक. उलट बारीक मुलीला काय ऐकायला लागायचं, नुसती हाडं दिसतायत, वारा आला तर उडून जाशील, कोण करणार हिच्याशी लग्न. म्हणजे तेव्हाही पोरींना सुखाने जगू देत नव्हतेच, फक्त त्रास दुसऱ्या मुलींना व्हायचा. मग १९९४ आलं, सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स झाली आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड, एकाच वर्षात. आमच्या चाळीत टीव्हीभोवती सगळ्या जमलेल्या मला आठवतात, आनंद खराच होता. पण त्यानंतर आमच्या वयाच्या मुली पहिल्यांदा टेप घेऊन आपली कंबर मोजायला लागल्या, छत्तीस-चोवीस-छत्तीस हे आकडे तेव्हापासून सगळ्यांना पाठ. २००८ मध्ये करीना कपूरमुळे साईज झिरो घरोघर पोचलं. मी तेव्हा दुकान टाकून काही वर्षंच झाली होती आणि कॉलेजच्या पोरी यायच्या की आंटी एकदम फिट करा, श्वास नाही घेता आला तरी चालेल. हे शब्द मी स्वतः ऐकलेत. मग २०१६ ला मुंबईतच लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साईज मॉडेल रॅम्पवर चालल्या, जाहिरातीत सगळ्या अंगाच्या बायका दिसायला लागल्या, मला वाटलं आता बदलेल. आणि आता २०२५ पासून वजन कमी करायची नवी इंजेक्शनं आपल्याकडे मिळायला लागलीत, ज्यांना डॉक्टरांनी आजारासाठी दिलीत त्यांचं ठीक आहे, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही. पण माझ्याकडे एक नवरी आली होती, ब्लाउजचं माप दिलं आणि म्हणाली काकू यातून तीन इंच कमी करूनच शिवा, लग्नापर्यंत मी तेवढी होणार आहे. मी नाही म्हटलं. मी म्हटलं आज जेवढी आहेस तेवढाच शिवते, कमी झालीस तर दोन टिपा मारायला मला दहा मिनिटं लागतात.

तीस वर्षांत फॅशनने चार वेळा सांगितलं की बाई अशी असावी, आणि चारही वेळा बदललं. बायका बिचाऱ्या मागे धावतायत. तुम्ही कपडेवाले यात कुठे उभे राहणार एवढंच मला विचारायचंय, कारण मासिकातला फोटो बघून वाईट वाटतं ते विसरता येतं, पण ट्रायल रूममध्ये मांडीच्या वर पँट चढत नाही ना, ते बाई विसरत नाही.

माझी मुलगी तेवीस वर्षांची आहे. पहिल्या नोकरीसाठी फॉर्मल शर्ट-पँट घ्यायला आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो होतो, नाव लिहीत नाही कारण सगळीकडे हेच आहे. शर्ट कंबरेला नीट बसला पण छातीवर दोन बटणांच्या मध्ये फट पडत होती. एक साईज मोठा घेतला तर छाती बसली, खांदे दंडावर उतरले. त्याच्या पुढचा साईज तिथे नव्हताच. मी विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम यांच्या साईजचं खाली बेसमेंटला बघा, तिकडे एक्स्ट्रा सेक्शन आहे. हे सगळं ती दहा लोकांत, लांबून, मोठ्या आवाजात बोलली. त्या मुलीवर माझा राग नाही, तिचाच युनिफॉर्मचा शर्ट तिला पाठीत घट्ट होता आणि तिला दिवसभर उभं राहायचं होतं, तिला जे शिकवलं ते ती बोलली. खाली गेलो तर दोन रॅक, एका बाजूला बॅगा आणि चपला. शर्ट सगळे काळे, नेव्ही ब्ल्यू आणि एक मरून, मोठ्या फुलांचे, माझ्या सासूबाई पण घालणार नाहीत असे. वर सुंदर आकाशी रंग होता, पिस्ता होता. माझी लेक म्हणाली जाऊ दे आई, मला नाही जॉबला शर्ट घालायचा. घरी येऊन मी तिला आकाशी पॉपलिनचा शिवला, छातीला टक्स घेतले, फट पडते तिथे आतून एक छुपं बटण लावलं. तीन तास लागले. पण ज्या मुलीची आई शिवत नाही तिने काय करायचं?

आता हे असं का होतं ते मी थोडं वाचून काढलंय. रेडीमेडच्या साईजचे नंबर मुळात आले कुठून? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारने जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं, आणि १९४१ मध्ये ती छापली. त्यात हिशोबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. त्याच मापांवरून १९५८ मध्ये तिकडे रेडीमेडचे नंबर ठरले आणि १९८३ ला ते नियमही त्यांनी काढून टाकले, म्हणजे तेव्हापासून ज्याला जे पाहिजे तो नंबर त्याने टाकावा. आणि कंपन्यांनी टाकले, बाईला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर लहान नंबर. आपल्याकडेही आता तेच, एका दुकानात मी एल, शेजारच्या दुकानात डबल एक्सएल, अंग तेच.

आपल्या बायकांची मापं कुणी घेतली? केंद्राच्या टेक्स्टाइल मंत्रालयाने २०१८ मध्ये निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर इंडिया साईज म्हणून प्रोजेक्ट जाहीर केला, मुंबई धरून सहा शहरं, १५ ते ६५ वयाचे २५,००० लोक, थ्री-डी स्कॅनरने मापं. चांगलीच गोष्ट आहे, व्हायलाच पाहिजे. पण अजून माझ्या टेबलावर आलेल्या एकाही कुर्तीवर मी भारतीय मापाचं लेबल बघितलं नाही. त्या कुर्त्या कशाच्या मापाच्या असतात ते मला टेपने मोजून कळतं, लेबलवरून नाही.

मुख्य घोळ होतो ग्रेडिंगमध्ये. तुम्ही एक सॅम्पल बनवता, बहुतेक एस नाहीतर एम, एका बारीक मुलीवर ट्राय करता आणि मग प्रत्येक साईजला छाती दोन इंच, कंबर दोन इंच, सीट दोन इंच असं वाढवत जाता. खांदा पायरीला अर्धा इंच वाढवला तरी पाच पायऱ्यांनंतर अडीच इंच होतो. अहो पण माणूस फुग्यासारखा सगळीकडून सारखा फुगत नाही. वजन वाढलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही. वाढतात ते दंड, पोट, पाठीचा काखेजवळचा भाग. म्हणून तुमच्या थ्री एक्सएलचा खांदा कोपराकडे उतरतो, गळा एवढा मोठा होतो की आतला पट्टा दिसतो आणि बाही मात्र दंडाला अडकते. मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या घेराचं, तर विचारूच नका. माझ्याकडे येणाऱ्या चव्वेचाळीस छातीच्या बाईचा दंड सतरा-अठरा असतो आणि तुमच्या बाहीचा घेर पंधरा निघतो. मोठ्या साईजचं सॅम्पल वेगळंच बनवावं लागतं, मोठ्या अंगाच्या बाईवर घालून बघावं लागतं, तिला हात वर करायला सांगावं लागतं, खाली बसायला सांगावं लागतं. आम्ही ट्रायलला तेच करतो, बाईला म्हणतो वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात करा बघू.

माझ्याकडे मापांच्या वह्या आहेत, एकोणीस. नाव, तारीख, मापं. त्यात एकाच छत्तीस छातीच्या दहा बायका काढल्या तर दहांची कंबर वेगळी, एक अठ्ठावीस, एक पस्तीस. काहींचं वर बारीक आणि सीट मोठी, काही पोटाच्या, काही वरून खालपर्यंत सरळ. आणि उंची बघा, बहुतेक पाच फूट, पाच-एक, पाच-दोन. तुमच्या ऑनलाइन फोटोखाली लिहिलेलं असतं मॉडेलची उंची पाच फूट आठ आणि तिने एस घातलाय. ते वाचून आमच्या बाईने काय समजायचं? पँटची उंची चार इंच कापायचं काम मला वर्षभर असतं, तेवढं कापड तुम्ही फुकट घालवताय आणि बाजूला अर्धा इंच माया सोडायला नको म्हणताय.

स्पेनमध्ये हे केलंय, म्हणून होत नाही असं म्हणू नका. २००६ मध्ये दोन मॉडेल मुली गेल्या, एक उरुग्वेची, एक ब्राझीलची, उपाशी राहून राहून. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन शोने फार बारीक मॉडेल घ्यायचं बंद केलं आणि २००७ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने झारावाल्या कंपनीशी, मँगोशी आणि अजून काही कंपन्यांशी करार केला. दुकानातला पुतळा त्यांच्या ३८ नंबरपेक्षा बारीक नको आणि ४६ नंबरला स्पेशल साईज म्हणून वेगळं काढायचं नाही. मग २००८ ला १२ ते ७० वयाच्या दहा हजारांवर बायकांची मापं घेतली आणि आकार तीन निघाले, डमरूसारखा, घंटेसारखा आणि सरळ नळीसारखा. वाचताना मला माझ्याच वह्या आठवल्या. आरोग्य मंत्रालयाने केलं हे लक्षात घ्या, फॅशनवाल्यांनी आपणहून नाही.

पुतळ्यांचं निघालंच आहे तर, पुढच्या वेळी दुकानात गेलात की कुर्ती घातलेल्या पुतळ्याच्या मागे जाऊन बघा. पाठीवर टाचण्या नाहीतर क्लिपा लावून सगळं कापड मागे ओढलेलं असतं. समोरून जे फिटिंग दिसतं ते त्या कपड्यात नसतंच. बाई ते बघून आत येते, तोच कपडा घालते आणि आरशात तसं दिसत नाही म्हणून स्वतःवर नाराज होते. निदान त्या टाचण्या तरी काढा.

दुकानदार मला सांगतात ताई मोठे साईज ठेवून परवडत नाही, माल पडून राहतो. शेठ, सेलच्या शेवटच्या आठवड्यात रॅकवर काय उरलेलं असतं ते तुम्हीच बघा, एस आणि एक्सएस. डबल एक्सएल पहिल्या आठवड्यात संपतो. पण होलसेलवाला सेट फोडत नाही, एका सेटमध्ये प्रत्येक साईजचा एकेक पीस, तुम्हाला आख्खा सेट उचलावा लागतो, मग डबल एक्सएल मागणाऱ्या पाच बायका आल्या तर चौघी परत जातात आणि लहान साईज तुमच्या गळ्यात पडतात. यात तुमची पण अडचण आहे हे मला समजतं. म्हणून होलसेलवाल्यांना सांगतेय, सेटमध्ये मोठ्या साईजचे दोन-दोन पीस घाला नाहीतर साईजप्रमाणे विकायला लागा. आणि मोठ्या साईजला शंभर रुपये जास्त लावता ना, ते मला अजिबात पटत नाही. एक्सएसला शंभर कमी करता का?

आणि हे पत्र फक्त जाड बायकांचं आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचं वजन जास्त निघालं आणि जवळजवळ १९ टक्के बायकांचं कमी. म्हणजे दोन्ही टोकांना मिळून शंभरातल्या त्रेचाळीस. माझ्याकडे एक बँकेत काम करणारी मुलगी येते, तीस वर्षांची, तिला मुलांच्या सेक्शनमधून टॉप घ्यावे लागतात, कार्टूनचं चित्र नसलेला टॉप शोधण्यात तिची संध्याकाळ जाते. तीही रडकुंडीला आलेली असते. तुम्ही मधल्या तीन साईजवर धंदा करताय.

कुणी म्हणेल की वजन वाढलं तर कमी करावं, कपडे मोठे करून कशाला लाड करायचे. वजनाचं डॉक्टर बघतील, त्यांचं काम आहे. पण ती बाई सोमवारी ऑफिसला काय घालून जाणार? बारीक होईपर्यंत तिने चांगला रंग घालायचा नाही का? उलट माझ्या पाहण्यात असं आहे की ज्या बाईला अंगाला नीट बसणारा, मोकळा कपडा मिळतो ती सकाळी फिरायला बाहेर पडते. जिला मिळत नाही ती घरात बसते, नवऱ्याचा टी-शर्ट घालून. माझ्या दुकानात मी कुणाला किती जाड झालात म्हणत नाही, मदतीला येणाऱ्या मुलींनाही सक्त ताकीद आहे, माप घेताना आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, वहीत गुपचूप लिहायचा.

तर माझं मागणं एवढंच आहे. लेबलवर एल-एक्सएल लिहायचं तर लिहा, पण खाली छाती, कंबर, सीट, दंड इंचात छापा, त्याला काही खर्च नाही. मोठ्या साईजचं सॅम्पल वेगळं काढा. सगळे साईज एकाच रॅकवर, त्याच रंगात, त्याच भावात लावा, बेसमेंट बंद करा. आणि माया सोडा, बाजूला आणि बाहीला. हे शेवटचं पहिलं करा, उद्याच्या कटिंगपासून होण्यासारखं आहे.

त्या शिक्षिका मॅडमच्या पाच कुर्त्यांचं मी काय केलं ते सांगते. दोन्ही बाजूंना काखेपासून खाली आणि बाहीच्या आतून अशी एक सलग पट्टी घातली, दोन इंच रुंद. जुळणारं कापड मिळेना म्हणून खणाचं वापरलं, जांभळ्याला हिरवं, पिवळ्याला मरून. मुद्दाम केलेली डिझाईन वाटते. पहिल्या दिवशी शाळेतल्या दोन मॅडमनी विचारलं कुठून घेतली, आणि आता त्या दोघींच्या कुर्त्या माझ्याकडे आल्यात.

तुमच्यापैकी कुणाला खरंच मापं बघायची असतील तर माझ्या एकोणीस वह्या उघड्या आहेत. नावाची बाजू झाकून मी देते, मापं लिहून घ्या, फोटो काढू नका. सोबत तुमची एक कुर्ती आणा, माझ्या दोन-तीन कस्टमरना बोलावते, त्यांना घालून दाखवू, हात वर करायला लावू. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बसता येईल. फक्त नवरात्राच्या आधी या, नंतर दिवाळीचे ब्लाउज चालू होतात आणि मला मान वर करायला वेळ नसतो.

तुमचीच,
ब्लाउजवाली ताई
डोंबिवली पूर्व